नांगराला लागलेली वस्तू : भंगार की ठेवा?

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



गळीत हंगाम संपून बॉयलर थंड झाला की कारखान्यात दरवर्षी एक ढीग मागे उरतो. तो साखरेचा नाही की बगॅसचा नाही. तो लोखंडाचा असतो. गव्हाणीतून ऊस वर जात असताना त्याच्यावर एक मोठे लोहचुंबक टांगलेले असते. मोळीबरोबर चुकून आलेले लोखंड ते वरच्या वर खेचून घेते. नाही खेचले तर पुढे फायबरायझरचे हातोडे तुटतात, रोलरला खाचा पडतात आणि गाळप बंद पडते. या ढिगात तोडणीवाल्यांचे मोडके कोयते असतात, ट्रॉलीच्या पिना असतात, साखळीचे दुवे, नट-बोल्ट आणि बैलांच्या झिजलेल्या पत्र्या तर टोपलीभर असतात.

यंदा ढीग भंगारात जाण्याआधी मी आणि वर्कशॉपचे फिटर उभे राहून सहज चाळत होतो. फिटरनी वीतभर लांबीचा एक चौकोनी खिळा उचलला. वजनाला जड, टोकाकडे निमुळता, डोके हातोडीने चेपलेले. ते म्हणाले, "साहेब, ही मशीनची वस्तू नव्हे. ही लोहाराच्या ऐरणीवरची आहे. कुठल्या तरी जुन्या वाड्याच्या दाराची असेल." तो वाडा पडून किती वर्षे झाली असतील, त्याची माती कोणाच्या रानात गेली असेल आणि तिथून हा खिळा उसाच्या मुळीबरोबर गव्हाणीपर्यंत कसा आला असेल, कोण सांगणार?

त्यातून हा लेख लिहावा असे वाटले. दुसरेही कारण आहे. अलीकडे गट कार्यालयात तरुण सभासद मोबाईलवर फोटो दाखवतात आणि विचारतात, "साहेब, हे रानात सापडलं, काय असेल? किती किंमत येईल?" काही मुलांनी तर मेटल डिटेक्टर, म्हणजे धातुशोधक यंत्रे, घरपोच मागवली आहेत. ट्रॅक्टरची नांगरट खोल गेली, ठिबकच्या आणि पाइपलाइनच्या चाऱ्या निघाल्या, जेसीबीने सपाटीकरण झाले. जमिनीखालचे जेवढे पूर्वी शंभर वर्षांत वर आले नसेल तेवढे आता दहा वर्षांत वर येते. तेव्हा काय सापडते, ते कसे ओळखावे आणि सापडल्यावर काय करावे, याची थोडी माहिती देतो. मी पुरातत्त्वाचा माणूस नाही, शेतकी पदविकेचा आहे. पण या विषयात एक चूक माझ्या हातून झाली आहे, तीही सांगणार आहे.

प्रवरेच्या काठचा रथ

ज्या प्रवरेच्या खोऱ्यात आशियातला पहिला म्हणून नावाजलेला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच खोऱ्यात श्रीरामपूर तालुक्यात नदीच्या डाव्या काठावर दायमाबाद नावाचे ओसाड टेकाड आहे. १९७४ साली तिथे एक भिल्ल शेतकरी झुडपाचे मूळ खणत होता. कुदळीला धातू लागला. माती बाजूला केली तर चार वस्तू निघाल्या. दोन बैल जुंपलेला आणि वर माणूस उभा असलेला रथ, रेडा, गेंडा आणि हत्ती. सगळे भरीव ओतकाम, चारींचे मिळून वजन ६० किलोच्या वर. रथाची लांबी ४५ सेंटिमीटर म्हणजे हातभर. रथाच्या दांडीवर एक कुत्राही उभा आहे. आपला बैलगाडीवान आणि गाडीबरोबर चालणारे त्याचे कुत्रे डोळ्यांसमोर आणा, चित्र तेच.

आज यांतली एक वस्तू दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आणि बाकीच्या मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. जगभरचे अभ्यासक त्या पाहायला येतात. आता विचार करा. ६० किलो धातू त्या दिवशी तांबटाच्या भट्टीत गेला असता तर चार दिवसांचा बाजार झाला असता आणि महाराष्ट्राच्या इतिहासातले एक पान कायमचे गेले असते.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती जास्त शिकण्यासारखी आहे. या वस्तू तज्ज्ञांच्या उत्खननात थराथराने निघाल्या नाहीत, एकदम खणून निघाल्या. त्यामुळे त्यांच्या वयावर वाद झाला. बऱ्याच अभ्यासकांनी त्या साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या, सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातल्या मानल्या. काहींनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्याला हरकत घेतली. वस्तू कोणत्या थरात होती, शेजारी कोणती खापरे होती, राख होती का, हे त्याच वेळी नोंदले गेले असते तर एवढा वाद उरला नसता. माती परीक्षणाचा नमुना घेताना आपण पिशवीवर गट नंबर आणि खोली लिहितो ना? चिठ्ठी नसलेल्या नमुन्याचा अहवाल कोणत्या रानाला लावणार? वस्तूचेही तसेच आहे. जागा आणि खोली ही वस्तूची चिठ्ठी आहे.

नेहमी सापडणाऱ्या वस्तू

आधी एक गोष्ट मनाशी धरा. रानात सापडणाऱ्या शंभर धातूच्या वस्तूंपैकी बहुतेक आपल्याच बापजाद्यांच्या वापरातल्या असतात.

*पत्री आणि नाल :* बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याला दोन वेगळ्या पत्र्या लागतात. एक पत्री म्हणजे चपटा, अर्धचंद्रासारखा तुकडा. घोड्याचा नाल एकसंध आणि खुला गोल असतो. दर वेळी "साहेब, मराठ्यांच्या घोड्याचा नाल" म्हणून जे आणतात ती दहातली नऊ वेळा मागच्या हंगामातल्या गाडीबैलाची पत्री निघते.

*शेतीची अवजारे :* नांगराचा फाळ, वखराची पास, खुरपे, विळा, चाकाच्या धावेचा तुकडा, गुऱ्हाळाच्या चरकाचे आणि काहिलीचे तुकडे. ठोकून केलेले लोखंड आणि ओतीव लोखंड यांत फरक बघा. ओतीव तुकडा मोडला तर आतून दाणेदार, करडा दिसतो. ओतीव वस्तूवर कारखान्याचे नाव असेल तर काळ ठरवणे सोपे. किर्लोस्करवाडी वसली १९१० साली. त्या गावाचे नाव असलेला तुकडा त्याआधीचा असूच शकत नाही.

*खिळे :* चौकोनी अंगाचा, निमुळता खिळा हाताने ठोकलेला. गोल, एकसारख्या जाडीचा खिळा तारेपासून यंत्रावर केलेला, म्हणून अलीकडचा.

*नाणी :* इथे जास्त थांबावे लागेल.

तांब्याची शिवराई सर्वांच्या परिचयाची. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति'. पण शिवराई सापडली म्हणजे ती थोरल्या महाराजांच्या हयातीतलीच, असे नव्हे. महाराजांच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून, पुढे पेशवाईतही शिवराया पडत राहिल्या आणि इंग्रजी अमलातही बाजारात फिरत राहिल्या. मागच्या बाजूला दोन अक्षरओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी शिवराई, उत्तरकाळातली. अशा शिवराया पुष्कळ आहेत. तिला मान द्या, पण लाखांच्या भावाची स्वप्ने पाहू नका.

हाताने पाडलेले नाणे कसे ओळखावे? कडा एकसारखी गोल नसते. ठसा मोठा आणि धातूची चकती लहान असल्याने अक्षरे कडेला तुटलेली असतात. यंत्रावरच्या नाण्याची कडा गोल आणि उचललेली असते. फारसी अक्षरांचे जाड तांब्याचे नाणे बहामनी, निजामशाही, आदिलशाही किंवा मोगल असू शकते. ते जाणकारालाच वाचू द्यावे.

राणीछाप रुपया १९३९ पर्यंतच्या राजाछाप रुपयासारखाच वजनाला ११.६६ ग्रॅम, त्यात साधारण ९१.७ टक्के चांदी. त्यावर राणीला नुसते 'क्वीन' म्हटले असेल तर ते १८७६ पर्यंतचे, 'एम्प्रेस' म्हटले असेल तर १८७७ पासूनचे. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा झाला. तो चुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची गंमत ऐका. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट दाखवावी लागली.

याहून जुनी ती सातवाहन आणि क्षत्रपांची. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची होती, पण त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका राजाने दुसऱ्याचा पराभव केल्याचा एवढा ठोस पुरावा कोणत्या पोथीत मिळणार? तो मातीच्या भांड्यात मिळाला.

सातवाहन काळात शिशाचीही नाणी होती. ही ओळखायला सर्वांत अवघड. काळपट, बोजड, नखाने ओरखडा उठेल इतकी मऊ. त्यांवर हत्ती, डोंगर, झाड किंवा एकमेकांना जोडलेली चार वर्तुळे अशी चिन्हे असतात. आणि इथेच माझी चूक झाली.

माझी चूक

वीस वर्षांपूर्वी मी ओव्हरसियर म्हणून नवा होतो. एका सभासदाच्या आडसाली लागणीची नोंद घ्यायला गेलो. त्याच्या पाइपलाइनच्या चारीत कमरेइतक्या खोलीवर एक फुटके मडके निघाले होते. आत काळ्या, जाड, वेड्यावाकड्या चकत्या. दीड-दोन किलो असतील. त्याने ओंजळ पुढे केली. "साहेब, तुम्ही शिकलेले. हे काय असंल?" मी एक उचलली, नखाने ओढून पाहिली आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "शिसं आहे, अण्णा. बंदुकीचे छर्रे बिर्रे ओतायला कोणी ठेवलं असेल. घाला भंगारात." एका चकतीवर काडीसारखी आडवी रेघ आणि तिच्यावर वाकडी रेघ होती. मला वाटले, फावड्याचा ओरखडा.

पुढे चार-पाच वर्षांनी कोल्हापूरला एका चर्चासत्राला गेलो. दुपारी वेळ होता म्हणून टाउन हॉलच्या संग्रहालयात शिरलो. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर जे सापडले त्यातले बरेच तिथे आहे. समुद्रापलीकडच्या रोमन जगातून आलेली पोसायडन या समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्तीसुद्धा आहे. एका काचेच्या पेटीत काळपट शिशाची नाणी मांडलेली होती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला धनुष्यबाण. खाली चिठ्ठी, 'कुर राजे'. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची. आडवी रेघ म्हणजे बाण, वाकडी रेघ म्हणजे धनुष्य.

मी त्या पेटीपुढे किती वेळ उभा होतो ते आठवत नाही. परत आल्यावर त्या सभासदाकडे गेलो. तो म्हणाला, "तुम्ही सांगितलं तसं दिलं की, साहेब. भंगारवाल्यानं वजन करून नेलं. त्या पैशात युरियाचं एक पोतंबी आलं नाही." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते. ती नाणी कुर राजांचीच होती असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण पाहायला ती उरलीच नाहीत. न कळणाऱ्या गोष्टीला 'मला कळत नाही' म्हणायला मी त्या दिवशी लाजलो, त्याची ही किंमत. तेव्हापासून कोणी काही दाखवले की मी आधी म्हणतो, "ठेवा, विचारून सांगतो."

यंत्राचे खरेखोटे

मेटल डिटेक्टरच्या तबकडीत तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज खेळली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. खाली धातू असेल तर त्यातही प्रवाह उठतो आणि यंत्र वाजते. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर, फार तर फूटभर खोलीपर्यंतच कळते. 'वीस फुटांवरचे सोने दाखवतो' असे सांगून जो यंत्र विकतो तो आपल्याला फसवतो. शिवाय आपली जमीन काळ्या कातळाची. त्यात लोहखनिज भरपूर, म्हणून नुसता दगडही वाजतो.

या यंत्राचा खरा उपयोग सांगू? खोडव्यात हरवलेली ट्रॅक्टरची पिन किंवा तुटलेला कोयता शोधा. हार्वेस्टर रानात घालण्यापूर्वी बांधाकडेची तार, पत्रा, लोखंडी खुंट्या शोधून काढा. हार्वेस्टरची पातीही वाचतील आणि कारखान्याचा फायबरायझरही. पण यंत्र घेऊन गढीवर, किल्ल्यावर किंवा संरक्षित टेकाडावर जाऊन उकरू नका. तो गुन्हा आहे. लष्कराच्या सरावक्षेत्राजवळच्या गावांतून आणखी एक सांगणे. तोफगोळ्यासारखी वस्तू दिसली तर हात न लावता दूर व्हा आणि पोलिसांना कळवा.

पांढरीची माती उचलू नका

आपल्या भाषेत काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती. ओसाड गावाची पांढरी राखेने, हाडांनी आणि शेणाने भरलेली असते, म्हणून पूर्वीपासून ती माती खत म्हणून रानात ओढतात. तिने पीक येते हे मीही नाकारत नाही. पण त्या मातीबरोबर वस्तू येतात आणि टेकाड संपते. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावाच्या नावाने एक संस्कृती ओळखली जाते. तांबड्या-नारिंगी भांड्यांवर काळी नक्षी ही तिची खूण. टिचकी मारली तर ते खापर धातूसारखे खणकन वाजते. अशी खापरे जिथे दिसतील ती जागा तीन हजार वर्षांची जुनी समजा. घोड नदीकाठी इनामगावला त्याच काळातल्या शेतकऱ्यांनी पाण्यासाठी काढलेला पाट उत्खननात सापडला आहे. म्हणजे पाटपाण्याची शेती आपण पहिल्यांदा केली नाही. रानाला सेंद्रिय खत हवे तर ताग गाडा, पाचट कुजवा, कारखान्याची मळी न्या. टेकाड राहू द्या.

सापडल्यावर काय करावे

१) काम तिथेच थांबवा. वस्तू जागेवर असतानाच फोटो घ्या. गट नंबर, खोली आणि तारीख लिहा. शेजारची खापरेही ठेवा.

२) चिंच, राख, लिंबू, ॲसिड काही लावू नका. तांब्यावरचा हिरवा थर वस्तूला जपतो. घासले तर अक्षरेच जातात. कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा.

३) १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, शिवाय आपला हिस्साही जातो. तहसील कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या.

४) 'सरकार सगळे फुकट नेते' ही समजूत अर्धवट आहे. ठेवा बेवारस ठरला आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा असा कायदा आहे. सरकारने तो घ्यायचा ठरवला तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग द्यावा लागतो. मजुराला सापडले तर त्याचा हक्क मोठा आहे, हे मालकांनी लक्षात ठेवावे.

५) १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि ती परदेशी पाठवता येत नाही.

फसवणुकीपासून जपा

'पाया खणताना सोन्याच्या मोहरा सापडल्या, स्वस्तात देतो' म्हणत कोणी आला, पहिली मोहर खरी निघाली, तरी थैलीतल्या बाकीच्या पितळेच्या असतात. राम-सीता किंवा मारुतीची चित्रे असलेला, १८१८ साल घातलेला 'कंपनीचा आणा' ही बनावट चकती आहे. कंपनीने तसले नाणे कधी पाडलेच नाही. तांदूळ ओढणारे भांडे ही निव्वळ ठकबाजी. गुप्तधनासाठी पूजा, बळी आणि अघोरी प्रकार सांगणारा मांत्रिक गावात आला तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली त्याची तक्रार करा. लोभाने उभे पीक विकून बसलेले घर मी पाहिले आहे.

शेवटी एवढेच. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावच्या पांढरीतल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. आज त्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय तेरला उभे आहे. ते काही पदवीधर संशोधक नव्हते. वस्तू टाकायची नाही, एवढेच त्यांनी पाळले.

तो चौकोनी खिळा मी भंगारात जाऊ दिला नाही. शेतकी विभागाच्या कपाटात चिठ्ठी लावून ठेवला आहे. चिठ्ठीवर 'जागा' या शब्दापुढे रिकामे आहे, कारण तो कोणाच्या रानातून आला ते गव्हाण सांगत नाही. सभासदांनी येत्या नांगरटीत काही सापडल्यास जागा, खोली आणि तारीख लिहून ठेवावी आणि आपल्या गट कार्यालयात दाखवावे. आम्ही योग्य ठिकाणी विचारून सांगू. आणि आम्हाला कळले नाही तर 'कळत नाही' असेच सांगू.